‘रोमन हॉलिडे’ची ४के डिस्क: एका स्कर्ट-ब्लाउजसाठी घ्यावी का?

ऑड्री हेपबर्नचा ‘रोमन हॉलिडे’ (१९५३) नुसत्या गोष्टीसाठी बघायचा असेल तर डिस्कवर पैसे घालू नका. स्ट्रीमिंगवर मिळेल तेव्हा बघा, गोष्ट तिथेही तेवढीच गोड लागते. कपड्यांसाठी बघायचा असेल तर मात्र डिस्कच हवी. टीव्ही ५५ इंच किंवा त्याहून मोठा असेल तर २०२३ची ४के घ्या, लहान असेल तर २०२०ची ब्लू-रे पुरे. ४३ इंची टीव्हीपासून आठ-दहा फुटांवर बसलं की दोन्हींतला फरक शोधावा लागतो.

११८ मिनिटांच्या या सिनेमाला वेशभूषेचं ऑस्कर मिळालं, कृष्णधवल विभागातलं. वेशभूषाकार एडिथ हेडचं ते पाचवं. पुढे आणखी तीन मिळाली. गंमत अशी की सिनेमाचा बराचसा भाग नायिका एकाच जोडीत वावरते: पांढरा पूर्ण बाह्यांचा ब्लाउज, घेरदार स्कर्ट, रुंद पट्टा. रोमच्या भेटीवर आलेली राजकन्या ॲन, म्हणजे हेपबर्न, वकिलातीतून रात्री पळते तेव्हा तिच्याबरोबर बॅग नसते, त्यामुळे दुसरा कपडा येणार कुठून? मग या एका जोडीतच दिवसभरात काय काय बदलतं, ते बघायचं. सारा खेळ तिथेच आहे आणि तो बारीक असल्यामुळेच डिस्कची गरज पडते.

आधी चित्राविषयी. सिनेमाची मूळ निगेटिव्ह वापरण्याजोगी राहिली नव्हती, म्हणून हे चित्र ड्यूप निगेटिव्ह आणि फाइन ग्रेन प्रतीवरून ४केमध्ये स्कॅन करून साफ केलेलं आहे. म्हणजे एक-दोन पिढ्या पुढची प्रत. काही ठिकाणी, विशेषतः एक दृश्य दुसऱ्यात विरघळतं तिथे, चित्र अचानक मऊ होतं. टीव्ही बिघडलाय असं समजून शार्पनेस वाढवू नका. असे जोड त्या काळी फिल्मवरून फिल्मवर पुन्हा छापूनच केले जात, आणि प्रत्येक छपाईत थोडा तपशील गळतो. शार्पनेस वाढवला की ब्लाउजच्या कडेला पांढरी रेघ उमटते आणि कॉलरची शिवण तिच्यात बुडते. शार्पनेस शून्यावर किंवा कंपनीने सांगितलेल्या तटस्थ आकड्यावर ठेवा. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा, नाहीतर स्कर्टचा घेर पाण्यात हलल्यासारखा दिसतो. टीव्हीत फिल्ममेकर मोड (अशा सुधारणा बंद करणारं तयार सेटिंग) असेल तर एका बटणात बहुतेक काम होतं.

सर्वांत मोठी चूक झूमची. सिनेमा १.३७:१ या जवळजवळ चौकोनी चौकटीत घेतलेला आहे, म्हणून दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. ते घालवायला चित्र मोठं करून टीव्हीच्या १६:९ चौकटीत भरलं की उंचीतला सुमारे २३ टक्के भाग कापला जातो. वर केस जातात, खाली पाय. आणि या सिनेमात पाय गेले की अर्धी वेशभूषा गेली, कारण टाचांच्या बुटांपासून सपाट सँडलपर्यंतचा प्रवास तिथेच आहे. इंटरनेटवर फिरणाऱ्या रंगवलेल्या तुकड्यांवरून स्कर्टचा रंग ठरवू नका. रंगवणाऱ्याने तो अंदाजाने भरलेला असतो. सिनेमा कृष्णधवल झाला त्यामागे खर्चाचं गणित होतं: दिग्दर्शक विल्यम वायलरला स्टुडिओतलं खोटं रोम नको होतं, खऱ्या रोममध्ये चित्रीकरण करायचं ठरलं आणि त्या बदल्यात रंग सोडावा लागला. त्यामुळे इथे कापडाचा रंग विचारू नये, करडेपणा आणि पोत बघावा.

४केचा फायदा इथेच पदरात पडतो. साध्या ब्लू-रेवर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ८ बिटांच्या २५६ पायऱ्या असतात, ४केवर १० बिटांच्या १,०२४. रोमच्या उन्हात पांढरा ब्लाउज म्हणजे सगळी कसोटी वरच्या पंचवीस-तीस पायऱ्यांमध्येच. त्या कमी पडल्या की पाठीवरच्या चुण्या, खिशाची कड, बाहीची घडी सगळं एकाच पांढऱ्या ठिगळात विरतं. स्ट्रीमिंगवर बिटरेट (दर सेकंदाला येणारी चित्राची माहिती) बराच कमी असल्यामुळे तिथे हेच होतं. वर गळ्यातल्या रुमालाचे पट्टे हलताना चुळबुळायला लागतात, तेही वेगळंच.

आता मूळ माल. सुरुवातीच्या स्वागतसमारंभातला भरजरी गाऊन घाईत बघितला तरी चालेल, पण एक गोष्ट सोडू नका. लोक ओळीने येऊन वाकताहेत, राजकन्या उभी आहे, आणि कॅमेरा गाऊनखाली जातो: एक पाय बुटातून बाहेर काढून ती दुसऱ्या पायाला खाजवते आहे. मग बूट लवंडतो, पायाला सापडत नाही. हा विनोद शिंप्याच्या जिवावर उभा आहे. गाऊनचा घेर जमिनीला टेकणारा आणि इतका कडक हवा, की आत पाय हलला तरी बाहेर कापड हलू नये. मऊ रेशीम असतं तर गुडघा उमटला असता आणि सगळ्या पाहुण्यांना खोड कळली असती. मुकुट, गळ्यातला हार, खांद्यावरून तिरका पट्टा ही सगळी सजावट वर आणि गोंधळ खाली, अशी ही वाटणी आहे.

त्यानंतर ती पूर्ण बाह्यांचा लांब नाइटगाऊन घालून कुरकुरते आणि आपल्याला पायजमा हवा म्हणते. पुढे, पळून गेल्यावर रस्त्यात भेटलेल्या एका पत्रकाराच्या खोलीत, तिला त्याचाच पायजमा मिळतो.

सकाळी ती त्या खोलीतून बाहेर पडते तेव्हा थांबवून बघा. बाह्या मनगटापर्यंत, कफची बटणं लावलेली, कॉलर वरपर्यंत बंद आणि गळ्याशी टायसारखी पट्टी. केस लांब, पायात टाचेचे बूट. शाळेच्या गणवेशातली मोठी मुलगी म्हणा हवं तर. पत्रकाराकडून घेतलेल्या हजार लिऱ्यांतून ती बाजारात सपाट सँडल घेते, तेव्हा चाल बदलते: टाच गेल्यावर पाऊल लांब पडतं आणि स्कर्टला झोका येतो. नंतर त्रेवी कारंज्याजवळच्या न्हाव्याकडे केस कापले जातात. स्पॅनिश पायऱ्यांवर आइस्क्रीम खाताना कॉलर उघडलेली असते आणि बाह्या दंडापर्यंत दुमडलेल्या. पुढे गळ्यात पट्ट्यापट्ट्यांचा छोटा रुमाल येतो. म्हणजे बंद गळा आधी उघडला आणि मग पुन्हा बंद झाला, पण या वेळी गाठ तिने स्वतः मारलेली. कपड्यांतून एवढं सांगणं, तेही एक नवा कपडा न शिवता, हे एडिथ हेडचं खरं कसब. १९५२च्या उन्हाळ्यात रोममध्ये चित्रीकरण झालं, त्यामुळे बाह्या वर जाणं नाटकी वाटत नाही. त्या उन्हात कुणीही तेच केलं असतं.

हेपबर्नचा हा पहिलाच सिनेमा असं सर्रास लिहिलं जातं, ते बरोबर नाही. त्याआधी ‘द लॅव्हेंडर हिल मॉब’ (१९५१)मध्ये ती क्षणभर दिसते, ‘सीक्रेट पीपल’ (१९५२)मध्ये नर्तकीच्या भूमिकेत आहे. हॉलिवूडमधली पहिली मुख्य भूमिका मात्र हीच, आणि तिच्यासाठी सप्टेंबर १९५१मध्ये इंग्लंडच्या पाइनवुड स्टुडिओत चाचणी झाली होती. ‘कट’ म्हटल्यानंतरही कॅमेरा चालू ठेवला होता आणि त्या बेसावध क्षणांनी काम केलं, ही हकिगत डिस्कवरच्या माहितीपटांत येतेच. कपड्यांच्या दृष्टीने महत्त्वाचं इतकंच: ती पाच फूट सात इंच उंच, अतिशय सडपातळ, मान लांब आणि गळ्याची हाडं वर आलेली. मोठ्या उघड्या गळ्यात ती हाडकुळी दिसली असती. कॉलर उभी ठेवून फक्त पुढचा त्रिकोण उघडला, की नजर मानेवर जाते, हाडांवर जात नाही. रुमालही तेच काम करतो. पट्टा रुंद आहे, कारण कंबर बारीक आहे आणि ती दाखवायची आहे.

केसांबद्दल आपल्याकडे वेगळं सांगायला नको. ‘लव्ह इन सिमला’ (१९६०)साठी आर. के. नय्यर यांनी साधनाचं रुंद कपाळ झाकायला हेपबर्नसारखी झालर कापून घेतली आणि तिला नाव पडलं साधना कट. न्हाव्याचा प्रसंग बघताना मात्र लक्षात येतं, की हेपबर्नची झालर विरळ आणि तुटक आहे, कपाळ मधूनमधून दिसतं. पार्लरमध्ये फोटो दाखवून सरळ रेषेत दाट झालर कापून घेतली तर साधना होईल, राजकन्या ॲन नाही.

ही जोडी शिवून घ्यायची असेल तर डिस्क थांबवून शिंप्याला दाखवा. नुसतं “रोमन हॉलिडे स्कर्ट” म्हटलं तर चुण्यांचा फुगेदार घागरा हातात पडेल. कंबरेला सपाट आणि खाली भरपूर घेर हवा असेल तर पूर्ण गोल, म्हणजे आपल्याकडचा अंब्रेला कट, हा सर्वांत भरवशाचा. हिशोब असा: कंबर भागिले ६.२८. कंबर २८ इंच असेल तर आतली त्रिज्या साडेचार इंचांच्या किंचित आत येते. त्यात लांबी मिळवा. पोटरीच्या मध्यावर यायला साधारण पाच फूट दोन इंच उंचीला २८ इंच पुरतात, हेपबर्नच्या उंचीला ३० ते ३१ लागतील. २८ धरले तर बाहेरची त्रिज्या साडेबत्तीस, दुमडीचा एक इंच धरून साडेतेहतीस. प्रत्येक अर्ध्या वर्तुळाला ६७ इंच लांबी लागते, दोन अर्ध्यांना १३४ इंच, म्हणजे ४४ इंच पन्ह्याचं साडेतीन मीटर कापड. ३६ इंच पन्ह्यातही बसतं, पण मग कंबरपट्टीसाठी वेगळी अर्धी वीत घ्या. तयार घेर सुमारे २०४ इंच, सतरा फूट.

कापड सुती पॉपलिन किंवा हलकं गॅबर्डीन. कॅम्ब्रिक घेतलं तर घेर पायांना चिकटतो, जाड ड्रिल घेतलं तर घंटा होते. कापण्याआधी धुऊन घ्या, सुती कापड तीन ते पाच टक्के आक्रसतं. साडेतीन मीटरवर तीन टक्के म्हणजे दहा सेंटिमीटर गेलेच, म्हणून पावणेचार मीटर मागा.

चूक नेमकी कुठे होते? कापला की लगेच खालची दुमड शिवतात. पूर्ण गोल स्कर्टमध्ये चार ठिकाणी कापड तिरकं, क्रॉसवर लोंबतं. उभ्या-आडव्या धाग्यावर ते ताणत नाही, पण क्रॉसवर स्वतःच्या वजनानेच खाली येतं. आठवडाभरात चार टोकं दीड-दोन इंच खाली उतरतात आणि स्कर्ट रुमालासारखा दिसू लागतो. म्हणून कंबरपट्टी लावून झाल्यावर स्कर्ट क्लिपांनी हँगरला टांगून किमान २४ तास, जमलं तर ४८ तास ठेवा. मग अंगात घालून, पायात जे घालणार तेच घालून, जमिनीपासून पट्टीने खडूची खूण फिरवा आणि जादा कापड कापून टाका. खूण करताना मोजणाऱ्याने फिरावं, घालणारीने स्थिर उभं राहावं. उलट केलं की कंबर वळते आणि खूण लाटेसारखी येते.

दुमड अर्ध्या इंचाची. रुंद दुमड भारी दिसते म्हणून दोन इंच मागू नका. गोल कडेत बाहेरचं कापड आतल्यापेक्षा लांब असतं. दोन इंचांच्या दुमडीत सुमारे २५ इंच कापड जादा उरतं आणि ते चुण्या होऊन बाहेर उमटतं. अर्ध्या इंचात हाच फरक साधारण सव्वासहा इंच, आणि सतरा फुटांत तो इस्त्रीने जिरतो.

पट्टा अडीच ते तीन इंच. आत बक्रम (कडक अस्तर) घालायला सांगा, नाहीतर बसल्यावर मधोमध मोडतो. लांब धडाला तीन इंच ठीक, धड आखूड असेल तर दोनवर थांबा. तीन इंची पट्टा बसताना बरगडीला टोचतो आणि सारखा वर सरकतो.

ब्लाउजमध्ये सगळ्यात जास्त फसगत होते. दुकानातला अंगासरशी बसणारा शर्ट घेऊन बाह्या वर केल्या की कोपरावर अडकतात. २२ इंची बाही ८ इंचांवर आणायची तर १४ इंच दुमडायचे. अडीच इंची कफच्या मापाने गुंडाळलं तर पाच-सहा वेढे, म्हणजे दंडावर सहा-सात थरांचं कडं. दोन उपाय आहेत. शिवताना बाही दंडाला दोन-तीन इंच सैल ठेवा आणि कापड पातळ पॉपलिन घ्या. दुमडताना कफपासून वेढे मारत न जाता कफ एकदम कोपराच्या वर उलटा न्या, मग खाली राहिलेला भाग त्यावर एकदाच चढवा. थर निम्मे होतात आणि कड सरळ राहते. मुंढाही (बाही जोडतात ती जागा) थोडा खाली हवा. वर असेल तर बाही चढवल्यावर काखेत काचतो.

रुमाल १८ ते २२ इंचांचा चौरस. २२ इंची कर्णावर ३१ इंच भरतो. मानेचे साडेतेरा वजा केले की प्रत्येक बाजूला जेमतेम पावणेनऊ इंच, त्यातले दोन-अडीच गाठीत जातात. १८ इंची घेतला तर टोकं चिमणीएवढी राहतात, आणि तेच छान दिसतं. पट्टेरी कापडात एक खोच आहे: पट्टे कडेला समांतर असतील तर कर्णावर घडी घातल्यावर ते गळ्यावर तिरके येतात. आडवे हवे असतील तर चौरसच क्रॉसमध्ये कापावा लागतो. रेशमापेक्षा सुती घ्या, गाठ सुटत नाही.

सँडल सपाट तळाच्या, घोट्याशी बांधायच्या. कोल्हापुरी चालेल का? चालायला चालेल, दिसायला नाही. घोट्यावरची बांधणी गेली की पोटरीपर्यंतचा स्कर्ट आणि पाऊल यांच्यामध्ये नजर थांबायला काही उरत नाही.

शेवटच्या प्रसंगात, पलाझो कोलोन्नाच्या दालनात, ती पांढऱ्या लेसच्या पोशाखात पत्रकारांसमोर येते. ४केची दुसरी कमाई इथे आहे. जुन्या डीव्हीडीवर ही लेस पांढऱ्या भिंतीसारखी सपाट दिसते, इथे जाळीची फुलं मोजता येतात. गळा पुन्हा झाकलेला, हातमोजे परत आलेले, केस मात्र कापलेलेच. मार्च १९५४च्या ऑस्कर समारंभात तिने घातलेला लेसचा पोशाख याच कपड्याला वरच्या भागात बदल करून बनवला होता. दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

डिस्कवर सिनेमासोबत येणाऱ्या जोडफितींविषयी थोडक्यात. २०२०च्या ब्लू-रेवर पॅरामाउंट स्टुडिओच्या कपडेपटाची एक छोटी चक्कर आहे, हेपबर्नच्या पॅरामाउंटमधल्या वर्षांवर साधारण अर्ध्या तासाचा माहितीपट आहे, रोमच्या जागांची फेरी आहे आणि सिनेमाची कथा लिहिणाऱ्या डाल्टन ट्रंबोवर एक फीत आहे. ट्रंबोचं नाव हॉलिवूडच्या काळ्या यादीमुळे (कम्युनिस्ट ठरवलेल्यांना काम नाकारणारी यादी) श्रेयनामावलीत येऊ शकलं नव्हतं आणि कथेचं ऑस्कर त्याच्या मृत्यूनंतर, १९९३मध्ये, त्याच्या पत्नीला देण्यात आलं. कपडेपटाची चक्कर बघा, बाकी सवडीने. एडिथ हेडवरची स्वतंत्र फीत २००२च्या डीव्हीडीवर आहे, म्हणून ती डीव्हीडी घरात असेल तर रद्दीत देऊ नका. आवाज मोनो (एकाच वाहिनीचा) आहे आणि तो तसाच ऐकावा. साउंडबारचा सराउंड चालू ठेवला की संवाद न्हाणीघरातून आल्यासारखे होतात.

परदेशातून मागवणाऱ्यांसाठी: ४के डिस्कला विभागबंदी (ठरावीक देशांतल्या प्लेअरवरच चालण्याची अट) नसते, कुठलीही चालते, पण प्लेअर ४केचाच लागतो, साध्या ब्लू-रे प्लेअरमध्ये ती उघडणारच नाही. ब्लू-रेमध्ये भारत सी विभागात येतो आणि अमेरिका ए विभागात, डीव्हीडीत भारत ५ आणि अमेरिका १. नातेवाइकांना बॅगेतून आणायला सांगण्याआधी खोक्याच्या मागचं हे अक्षर किंवा आकडा त्यांच्याकडून वाचून घ्या.